‘शिखर वीजकेंद्र’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: विजेची मागणी चढली की तेवढ्यापुरतं सुरू करायचं, तेलावर चालणारं छोटं वीजकेंद्र, म्हणजे पीकिंग प्लांट, याला मराठीत ‘शिखर वीजकेंद्र’ म्हणावं का? आणि त्याच्या धुराड्यातून निघतो त्याला धूर म्हणायचं की उत्सर्जन?

‘शिखर’ नको. शिखर बँक म्हणजे बाकीच्या सहकारी बँकांच्या वरची. शिखर वीजकेंद्र म्हटलं की कोयनेच्याही वरचं काहीतरी वाटणार, आणि हे तर दिवसातून दोन-चार तास धडधडणारं इंजिन. ‘पीक वीजकेंद्र’ त्याहून वाईट, उसाच्या चिपाडावर चालतंय असं वाटेल! वीजवाले ‘कमाल मागणी’ म्हणतात. ‘कमाल मागणीचं वीजकेंद्र’ लांबलचक आहे खरं, पण चटकन कळतं.

राज्यात हे काम एरवी पाणी करतं. कोयना किंवा घाटघरचं जनित्र काही मिनिटांत सुरू होतं, म्हणून तेलाच्या केंद्राला आपल्याकडे रुळलेलं नाव नाही. पुण्याने मात्र तेलाची वीज अनुभवली आहे. 2006 मध्ये भारनियमन टाळण्यासाठी इथल्या कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे आणि त्यांची वाचलेली वीज शहराला द्यायची, असं ठरलं. ‘पुणे मॉडेल’ ते हेच. तेलाची वीज महाग, म्हणून ग्राहकांच्या बिलात जादा आकार लागला.

आता धूर. इंजिन सुरू होताना काळा लोट उठतो तो धूर. त्यात अर्धवट जळालेल्या तेलाची काजळी असते. पण लिटरभर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो दिसत नाही. फर्नेस ऑइलमधल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइडही दिसत नाही, नाकाला झोंबतो तेवढाच. हे सगळं धुरात बसत नाही, तिथे ‘उत्सर्जन’च हवं. फक्त कशाचं ते सोबत लिहा. शाळेच्या पुस्तकातली उत्सर्जन संस्था म्हणजे मूत्रपिंडं आणि मंडळी.

‘या केंद्राचं उत्सर्जन कमी आहे’ हे वाक्य मात्र अर्धवट आहे. केंद्र वर्षातून थोडेच तास चालतं, त्यामुळे एकूण टनांचा आकडा लहान दिसतो. युनिटमागे नायट्रोजनची ऑक्साइडं मोजली तर तेच डिझेल इंजिन वाईट ठरू शकतं. तेव्हा ‘वर्षाला’ की ‘युनिटमागे’, हा शब्द वाक्यात आलाच पाहिजे.