जवारीच्या घरात फझ पेडल

ताई, नमस्कार.

मुलगा यंदा दहावीला आहे, गिटार बेताचीच वाजवतो, पण तिचे पेडल, म्हणजे पायानं दाबून आवाज बदलायच्या डब्या, उघडून सर्किट जोडत बसतो, आणि त्याच्या बाबांना हा वेळेचा नाश वाटतो, असं तुम्ही मिरजेहून लिहिलंत. सोबत पाठवलेल्या त्याच्या वहीच्या पानावर एक ओळ आहे: ‘जर्मेनियमचा फझ सकाळी भरदार, दुपारी पत्र्याखाली मेलेला.’ फझ म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम घरघरता करणारं पेडल. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. उष्णता वाढली की जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून गळणारा प्रवाह वाढतो, बायस, म्हणजे तो ज्या ठरलेल्या पातळीवर चालतो ती, सरकतं आणि आवाज बिघडतो. जुन्या फझ पेडलांची ही खोड त्यानं कानानं पकडली आहे. आता त्याला कारणापर्यंत नेणारं शिक्षण हवं.

बाबांना पेडलचा जन्म सांगा. अमेरिकेत नॅशव्हिलला गायक मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात स्टुडिओच्या मिक्सिंग कन्सोलमध्ये बिघाड झाला आणि बेस गिटार घरघरली. 1961 साली गाणं तसंच बाहेर पडलं. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी बिघाड शोधलाच, शिवाय तोच आवाज ट्रान्झिस्टरवर मुद्दाम काढणारं सर्किट सहकाऱ्यासोबत रचलं. 1962 साली गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीनं ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ म्हणून विकायला काढलं.

फझमध्ये स्वराची लाट इतकी वाढवतात की तिचे शेंडे छाटले जातात, आणि त्या छाटण्यातून मूळ स्वराच्या पटीतले नवे उपस्वर उमटतात. तुमचे सासरे तंबोऱ्याची जवारी काढायचे ना? घोडीवर तार अलगद घासली की उपस्वर खुलतात, ते त्यांचं काम. रीत वेगळी, पण नातू त्याच उपस्वरांच्या मागे आहे. हे त्याच्या बाबांना नक्की सांगा, कारण त्यांच्या वडिलांचीच विद्या आहे ती.

दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा तीन वर्षांचा डिप्लोमा मला सर्वात योग्य वाटतो. पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट उघडी राहते. गणित मात्र सोडू देऊ नका. आजचे बरेच पेडल डिजिटल आहेत, त्यांत हेच परिणाम आकडेमोडीनं घडवतात, म्हणून प्रोग्रॅमिंगही हवं. नुसत्या पेडलविक्रीवर घर चालेल, असा भरवसा मी देणार नाही. पण याच अभ्यासावर ऑडिओ उपकरणांची रचना, दुरुस्ती आणि एम्बेडेड (उपकरणांत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या) क्षेत्रातली कामं मिळू शकतात.

सोल्डरिंग खिडकीपाशी करू द्या. 9 व्होल्टच्या बॅटरीवर तो खुशाल प्रयोग करो, पण व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) ॲम्प्लिफायर एकट्यानं उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.