यूकेत लायसन्सवरचे तीन पॉइंट इन्शुरन्सला सांगायचे राहिले, आणि आता गाडी ठोकली. काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या वर्षी तीस मैलांची वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर जास्त वेगात जाताना कॅमेऱ्यात सापडलात, शंभर पाउंड भरले, लायसन्सवर तीन पॉइंट (दंडाचे गुण) लागले. फेब्रुवारीत पॉलिसी आपोआप रिन्यू झाली आणि पॉइंटचं कुणाला सांगितलं नाही. शनिवारी राउंडअबाउटवर पुढच्या गाडीला मागून ठोकलंत. उद्या क्लेमवाल्यांचा फोन यायचाय आणि तुम्ही विचारताय, स्वतःहून सांगू, की विचारलं तरच बोलू?

स्वतःहून सांगा. फोनवर नाव-पत्ता झाला की लगेच.

लपवायचं म्हटलं तरी लपत नाही, हे आधी सांगतो. पॉलिसी घेताना लायसन्स नंबर दिला असेल, तर त्या नंबरावरून इन्शुरन्स कंपनी डीव्हीएलएकडची (लायसन्स देणारं इथलं सरकारी खातं) तुमची नोंद बघू शकते. ही सोय २०१४ पासून आहे. तिथे नाही बघितलं, तर क्लेमच्या वेळी तुमच्याकडेच 'चेक कोड' मागतात. तो सरकारी साइटवरून आपणच काढून द्यायचा, एकवीस दिवस चालतो, आणि त्यात एसपी३० हे वेगमर्यादा ओलांडल्याचं कोडनाव तारखेसकट दिसतं. म्हणजे कळणार हे नक्की. तुमच्या तोंडून कळतं की त्यांच्या शोधातून, एवढंच आता तुमच्या हातात आहे.

मी हे एवढ्या ठामपणे सांगतोय कारण मी यातून गेलोय.

मी लंडनजवळ स्लाउला राहतो. २०१६ मध्ये पहिल्यांदा पकडलो गेलो तेव्हा स्पीड अवेअरनेस कोर्स करून सुटलो. कोर्स केला की पॉइंट लागत नाहीत, पण ती सवलत तीन वर्षांतून एकदाच. मार्च २०१८ मध्ये ऑफिसला उशीर झाला म्हणून तीसच्या रस्त्यावर सदतीसने गेलो, आणि या वेळी सरळ तीन पॉइंट. पुढची तीन वर्षं प्रत्येक पॉलिसीत ते इमानदारीत लिहिले. जून २०२१ मध्ये नवीन कंपनीकडे गेलो तेव्हा मात्र डोक्यात पक्कं बसलं होतं की पॉइंट तीन वर्षांचे असतात, म्हणजे आपले संपले. फॉर्मवर 'नाही' टिक केलं. नोव्हेंबरमध्ये सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये खांबाला घासत गाडीची एक बाजू फाडून घेतली. एकट्याने, कुणीही मध्ये आलेलं नसताना! (बायको अजूनही त्या खांबाजवळून जाताना "नमस्कार कर" म्हणते.)

घोळ कुठे झाला बघा. पॉइंट 'जिवंत' असतात तीन वर्षं, म्हणजे बारा झाले की लायसन्स जातं त्या हिशोबात. लायसन्सच्या नोंदीवर ते राहतात गुन्ह्याच्या तारखेपासून चार वर्षं. आणि इन्शुरन्सवाले बहुतेक वेळा विचारतात गेल्या पाच वर्षांचं. तीन, चार, पाच. मी तिनावर थांबलो, माझा एक मित्र चारावर थांबला होता. डीव्हीएलएच्या पानावर काही दिसत नाही म्हणजे आपण धुतल्या तांदळासारखे, असं त्याला वाटलं. पान कोरं असलं तरी प्रश्न पाच वर्षांचा असेल तर उत्तर 'हो' असंच द्यावं लागतं.

आपल्याकडची सवयही याला कारणीभूत आहे, असं माझं मत. पुण्यात मोबाइलवर चलानाचा मेसेज येतो, लोकअदालतीत जाऊन कमी करून घ्यायचं, भरलं की विषय संपला. गाडीचा विमा एजंट काढून देतो, आपण सही करतो. इथे चलान भरल्यावर विषय सुरू होतो. त्यातून फॉर्म मध्यरात्री मोबाइलवर, अंगठ्याने, 'पुढे, पुढे' करत भरलेला.

आता कायदा. पूर्वी इथे नियम होता की विमा घेणाऱ्याने महत्त्वाचं सगळं आपणहून सांगायचं, विचारलं नसलं तरी. ६ एप्रिल २०१३ पासून घरगुती ग्राहकांसाठी तो गेला. त्याच्या जागी २०१२ चा ग्राहक विमा कायदा आला. तुमचं काम आता एवढंच: जे विचारलं जाईल त्याचं उत्तर वाजवी काळजी घेऊन खरं द्यायचं. चुकलात, तर कायदा दोन खाती उघडतो. एक, जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने खोटं. दुसरं, निष्काळजीपणा.

पहिल्या खात्यात गेलात तर पॉलिसी मुळापासून रद्द, म्हणजे जणू कधी नव्हतीच. क्लेम नाही, आणि भरलेला प्रीमियमही सहसा परत नाही. दुसऱ्या खात्यात प्रश्न वेगळा असतो: खरं सांगितलं असतं तर कंपनीने काय केलं असतं? पॉलिसीच दिली नसती, तर रद्द करून प्रीमियम परत. थोडे जास्त पैसे घेऊन दिली असती, तर क्लेम त्या प्रमाणात कापायचा. तीन पॉइंटसाठी दार बंद करणाऱ्या कंपन्या कमी. त्यामुळे तुमच्यासारख्या बहुतेकांचं प्रकरण या शेवटच्या खणात यायला हवं.

माझा हिशोब सांगतो म्हणजे कळेल. मी भरले होते ४८६ पाउंड. पॉइंट सांगितले असते तर ५४० झाले असते. म्हणजे मी ९० टक्के प्रीमियम भरला, म्हणून क्लेमही ९० टक्के. दुरुस्ती ३,१०० ची, त्यांनी धरले २,७९०, त्यातून एक्सेस (क्लेममधला आपण स्वतः भरायचा ठरलेला वाटा) वजा. ५४ पाउंड वाचवले आणि ३१० घालवले. गाडी पीसीपीवर (म्हणजे हप्त्यांच्या फायनान्सवर) असेल आणि पार भंगारात निघाली, तर मात्र ही कपात झोंबते: विम्याचे पैसे कमी येतात, फायनान्सवाल्यांचं देणं आहे तेवढंच राहतं.

पण ९० टक्क्यांवर ते आपणहून आले नाहीत. पहिला ईमेल आला तो 'पॉलिसी रद्द करण्याचा विचार चालू आहे' असा. हात गार पडले. मग मी जुन्या तीन पॉलिसींचे कागद शोधून पाठवले, त्या तिन्हींत हाच एसपी३० मी स्वतः लिहिलेला होता. ज्याला लपवायचंय तो तीन वर्षं सांगून चौथ्या वर्षी लपवत नाही. आणि एक वाक्य त्यांना लिहिलं, ते तुम्हीही लक्षात ठेवा: मुद्दाम खोटं बोललो हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने कंपनीवर आहे. मात्र त्याच कायद्यात असंही आहे की स्पष्ट आणि नेमका प्रश्न विचारला असेल, तर तो महत्त्वाचा आहे हे ग्राहकाला कळलं असं धरून चालतात. 'मला वाटलं नाही त्याने फरक पडेल' हे म्हणूच नका.

म्हणून आज रात्रीचं काम. रिन्यूअलचा ईमेल आणि त्याला जोडलेले सगळे कागद उघडा, आणि तुम्हाला नेमकं काय विचारलं होतं ते शोधा. सगळं प्रकरण त्यावर फिरतं. कुठेतरी 'गेल्या पाच वर्षांतले दंड, पॉइंट: नाही' अशी ओळ आणि 'चूक असेल तर आम्हाला कळवा' असं असेल, तर तुम्ही गप्प राहणं हेही चुकीचं उत्तर धरलं जाऊ शकतं. कायद्यात तसं आहे. उलट बाराव्या पानावर बारीक अक्षरात 'काही बदल असल्यास सांगा' एवढंच मोघम असेल, तर तुमची बाजू बरीच मजबूत होते. रिन्यूअलच्या वेळी उत्तर देण्याचं महत्त्व कंपनीने किती स्पष्ट सांगितलं, हे कायदा मुद्दाम बघतो. त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

तारखाही जुळवून बघा. पॉइंट फेब्रुवारीच्या आधी लागले असतील तर वरचं सगळं लागू. रिन्यूअल झाल्यानंतर, वर्षाच्या मध्येच लागले असतील, तर लगेच सांगायचं बंधन आहे की नाही हे तुमच्या पॉलिसीच्या अटींत असतं. काहींत असतं, काहींत पुढच्या रिन्यूअलला सांगितलं तरी चालतं.

पुढच्या गाडीवाल्याचं काय, ही काळजी तुमच्या प्रश्नात दिसली म्हणून सांगतो. त्याचे पैसे बुडत नाहीत. रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ प्रमाणे त्याची भरपाई तुमच्या कंपनीलाच द्यावी लागते, आणि १ नोव्हेंबर २०१९ पासून अपघातानंतर 'पॉलिसी रद्दच होती' म्हणून त्यांना त्यातून अंगही काढता येत नाही. पण मुद्दाम लपवल्याचं ठरलं तर त्याला दिलेले पैसे ते तुमच्याकडून वसूल करू शकतात. बंपरचे असतील तर ठीक, माणसाला इजा झाली असेल तर आकडा ऐकवणार नाही.

माझ्या मते खरी भीती पैशांची नाहीच. पॉलिसी 'व्हॉइड' झाल्याचा शिक्का बसला, की पुढे प्रत्येक फॉर्मवर 'कधी तुमची पॉलिसी रद्द झाली आहे का' या प्रश्नाला 'हो' म्हणावं लागतं. तिथे कितीतरी कंपन्या दारातूनच परत पाठवतात. उरलेल्या जे मागतात त्यापुढे तीन पॉइंटचा वाढीव प्रीमियम म्हणजे चहापाणी. शिवाय पॉलिसी गेल्यावर दुसरी घेईपर्यंत गाडी रस्त्यावर आणली, तर विमा नसल्याबद्दल ३०० पाउंड आणि सहा पॉइंट वेगळे. टेस्ट पास होऊन दोन वर्षं झाली नसतील, तर सहा पॉइंटला लायसन्सच रद्द होतं आणि परत एल लावून पहिल्यापासून. आपल्यातल्या पुष्कळ जणांचं यूके लायसन्स ताजं असतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

त्यावरून आठवलं. भारतीय लायसन्सवर इथे पहिले बारा महिनेच गाडी चालवता येते. त्या काळात पकडलो गेलो तर 'माझं यूके लायसन्सच नाही, पॉइंट लावणार कुठे' असा एक लाडका समज आहे. डीव्हीएलए तुमच्या नावाची नुसती नोंद तयार करतं आणि पॉइंट तिथे ठेवतं. पुढे इथलं लायसन्स काढलंत की ते तिथे तुमची वाट बघत असतात. आणि पॉलिसीवर नेम्ड ड्रायव्हर म्हणून बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर त्यांचेही पॉइंट मोजायचे. घरात विचारून घ्या, काहींनी सांगितलेलं नसतं!

उद्याच्या फोनवर जास्त बोलू नका. 'रिन्यूअलला माझे पॉइंट सांगायचे राहिले, अमुक तारखेचा एसपी३० आहे, आता नोंद करून घ्या' एवढं पुरे. कारणांचं पाल्हाळ लावलं की त्यातलं एखादं वाक्य पुढे तुमच्यावरच उलटतं. बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवा, आणि तेच दोन ओळींच्या ईमेलने पाठवा. त्यांनी 'मुद्दाम लपवलंत' म्हणून पॉलिसी रद्द करायचं ठरवलंच, तर लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही किंवा त्यांचं अंतिम उत्तर पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (अशा तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था) जा. अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत जायचं. तिथे फुकट आहे, वकील लागत नाही. ते पहिल्यांदा विचारतील तेच जे मी वर सांगितलं: तुम्हाला नेमका प्रश्न काय विचारला होता, तो दाखवा.

आणि शेवटी तुम्ही लिहिलंय ना, की समोरच्याला परस्पर चारशे पाउंड देऊन मिटवावं म्हणजे कंपनीपर्यंत जायलाच नको? फोन ठरलाय म्हणजे कंपनीला अपघात कळलेलाच आहे, आता ते विसरा. तसंही, बंपरचे पैसे हातावर ठेवलेत तरी मान दुखतेय म्हणून दावा लावायला त्याला तीन वर्षं मुदत असते.