काटकसर तुमच्या ताटातून नको

प्रिय ताई,

चाकणच्या कारखान्यातलं यजमानांचं कंत्राट संपलं, नवं काम मिळेना आणि तुमच्या शिवणकामावर पाच माणसांचं घर चाललंय. त्यात नऊ वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला बेकरीतलाच केक हवाय, सासूबाईंना पाहुण्यांसमोर पिठलं-भाकरी वाढायची लाज वाटते. अजून कुठे हात आखडता घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

खरं सांगते, काटकसर तुम्हाला कुणी शिकवायला नको. शिळ्या पोळीचा कुस्करा, एकाच कुकरमध्ये डाळ-भात-बटाटे, महिन्याला दोन किलोच तेल, हे सगळं तुम्ही करताच आहात. मला काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या ओळींची. ‘सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर जेवते, नाहीतर चहा-चपाती. हल्ली मशीनवर बसलं की चक्कर येते.’ ताई, घर ज्या हातांवर उभं आहे तेच हात उपाशी ठेवून कसं चालेल? आजपासून पाचही ताटं एकदमच वाढा आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसा. कुळथाचं पिठलं, मोडाची मटकी, शेंगदाण्याची चटणी यांत खर्चाच्या मानाने चांगली ताकद आहे. त्यावर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. आणि या आठवड्यातच सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या.

सासूबाईंवर रागावू नका. त्या बीडकडच्या, 1972 च्या दुष्काळात शाळकरी वयाच्या होत्या, असं तुम्हीच लिहिलंय. रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, ज्या पिढीने खाल्ली, तिला ते दिवस परत आले की काय, अशी धास्ती वाटणारच. तेव्हा घरात काय शिजायचं, ते त्यांना विचारा. कुळथाचं माडगं, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी त्यांच्या हातून करून घ्या. पाहुण्यांना आपल्या हातचं वाढताना त्यांचा संकोच कमी होईल, असं मला वाटतं.

यजमानांसमोर मात्र खर्चाची वही उघडी ठेवा. दुकानातली उधारी त्यांच्यापासून लपवू नका.

राहिला केक. ‘बाबांचं काम सुटलंय, म्हणून यंदा केक घरी करू,’ असं मुलाला सरळ सांगा आणि ढवळायला त्यालाच बसवा. 2 वाट्या बारीक रवा, 1 वाटी दही, 1 वाटी दूध, सव्वा वाटी पिठीसाखर आणि अर्धी वाटी तेल एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. रवा फुगून मिश्रण फार घट्ट झालं तर थोडं दूध घाला. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा आणि झाकण लावून 10 मिनिटं तापवा. मगच मिश्रणात चहाचा अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालायचा, आधी घातला तर केक बसतो. तेल लावलेल्या डब्यात ओतून मंद आचेवर 40 ते 45 मिनिटं ठेवा. पहिली 30 मिनिटं झाकण उघडू नका. सुरी टोचून कोरडी निघाली की उतरवा, पण पूर्ण गार होईपर्यंत डबा उपडा करू नका. गरम असताना रव्याचा केक तुटतो.