मधल्या छटांतली हिरवी झाक

प्रश्न : माझ्या प्रिंटरमध्ये काळ्याबरोबर दोन राखाडी शाया आहेत. तरी कृष्णधवल प्रिंटच्या मधल्या छटा हिरवट येतात. गडद आणि उजळ भाग ठीक असतात. कोणता कर्व्ह (कोणत्या छटेला कोणती शाई किती पडेल ते ठरवणारी रेषा) बदलू?

उत्तर : काळ्याचा कर्व्ह सोडून द्या, दोष तिथे नाही. राखाडी शाई म्हणजे पातळ केलेली कार्बनची काळी शाई, आणि ती मुळातच उबदार, तपकिरी दिसते. ती थंड करायला लाइट सायन (फिकट हिरवट निळी) आणि लाइट मॅजेंटा (फिकट जांभळट गुलाबी) या शाया मिसळतात. सायन जास्त झाली की त्या उबेतला पिवळा आणि ती मिळून हिरवा होतो.

पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापा आणि, कृपा करून, रात्रभर वाळू द्या. ओल्या शाईवर निर्णय घेणे मला मुळीच पटत नाही. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक पायरीची ‘लॅब’ मूल्ये मोजा: ‘एल’ म्हणजे उजळपणा, ‘ए’ हिरवा ते मॅजेंटा, ‘बी’ निळा ते पिवळा. ‘ए’ उणे म्हणजे हिरवट. ते ४० ते ६० टक्के गडद पायऱ्यांत असेल, तर तिथेच सायन किंचित उतरवा. त्याने ‘बी’ वाढून छटा पिवळट झाली, तर सायन पूर्ववत करून मॅजेंटा चढवा. एका वेळी एकच बदल. कर्व्हचा उतार सलग ठेवा. मध्येच टेंगूळ आले तर आकाशात पट्टे उमटतात.

मात्र ‘ए’, ‘बी’ सगळीकडे शून्य करायचा हट्ट नको. कागद स्वतः पिवळसर किंवा निळसर असतो. उजळ छटा हळूहळू त्याच्या पांढऱ्याकडे वळू द्या, नाहीतर त्या कागदापासून तुटल्यासारख्या दिसतात. आणि पिवळी शाई या मिश्रणात शक्यतो घेऊच नका. ती असली की दिवा बदलताच राखाडीचा रंग बदलतो.