जात-धर्म-वंशाची माहिती दिलीच नाही, तर एआय भेदभाव करेलच कसं?

करतं. तो रकाना काढून टाकला तरी करतं. अनेकदा मूळ दोष असतो तो यंत्राला नेमकं काय ओळखायला शिकवलं, यात.

अमेरिकेतल्या रुग्णालयांत वापरली गेलेली एक प्रणाली घ्या. कोणत्या रुग्णाकडे जादा लक्ष द्यावं लागेल, हे ती गुण देऊन ठरवायची. वरच्या ३ टक्क्यांत आलेल्यांची नावं विशेष देखभाल योजनेसाठी आपोआप निघायची. वंशाचा रकाना त्यात नव्हता. पण 'गरज' थेट मोजता येत नाही, म्हणून तिच्या जागी उपचारावर होणाऱ्या खर्चाचा अंदाज धरला. घोळ झाला तो इथे. कृष्णवर्णीयांपर्यंत उपचार कमी पोहोचतात, त्यामुळे तितक्याच आजारपणात त्यांच्यावर खर्चही कमी होतो. खर्च कमी म्हणजे तब्येत बरी, असा हिशेब यंत्राने केला. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार योजनेसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीय होते १७.७ टक्के, हा दोष नसता तर ते ४६.५ टक्के असते. सारखेच गुण मिळूनही कृष्णवर्णीय रुग्ण जास्त आजारी असायचे; खर्चाच्या अंदाजाला तब्येतीच्या अंदाजाची जोड दिल्यावर ही तफावत ८४ टक्क्यांनी घटली. गणित तेच, फक्त प्रश्न बदलला.

आपल्याकडे तर आडनाव, पिनकोड, शाळेचं माध्यम एवढ्यावरून बरंच काही कळतं. म्हणून जातीचा रकाना उडवून 'आम्ही निःपक्षपाती' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उलट, ती माहिती तपासणीपुरती वेगळी जपून ठेवावी लागते. नाहीतर भेदभाव होतोय की नाही हे पडताळताच येत नाही.

'९५ टक्के अचूक' हा आकडाही फसवा असतो. हजार अर्जदारांत ९०० एका गटाचे, १०० दुसऱ्या गटाचे समजा. चुका ५०. त्यातल्या ४० छोट्या गटात झाल्या, तर तिथे दर दहांत चौघांचा निकाल चुकला. मोठ्या गटात नव्वदांत एकाचा. त्यामुळे पात्र असूनही किती जण नाकारले गेले, हे प्रत्येक गटासाठी वेगळं मागा.

तुमच्या संस्थेत अशी प्रणाली येणार असेल, तर करार होण्याआधीच हे आकडे मागा. शिवाय तिचा निर्णय फिरवण्याचा अधिकार कोणत्या पदावरच्या माणसाला आहे आणि तो किती दिवसांत उत्तर देईल, हेही लेखी घ्या. 'सिस्टीमने नाकारलं' एवढंच सांगणाऱ्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याकडे तो अधिकार नसतो.