तिच्या पप्पांशी काय बोलू?

“तिच्या घरचे फार कडक आहेत. त्यांचा विश्वास कसा मिळवू?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षभर येतो, नवरात्रापासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत जरा जास्तच. विचारणारा बहुधा अकरावी-बारावीतला मुलगा असतो. त्याला माझ्याकडून खरं तर चार वाक्यं हवी असतात, जी म्हटली की तिचे वडील विरघळतील. तशी वाक्यं माझ्याकडे नाहीत. नाशिकच्या एका मुलाबरोबर हे काम कसं झालं, ते सांगते. त्याला ओंकार म्हणू आणि तिला मृण्मयी. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि दोन्ही घरांना विचारूनच लिहिते आहे.

ओंकारला त्याची आई घेऊन आली ती वेगळीच तक्रार घेऊन. बारावी सायन्स, चाचणीत फिजिक्सचे मार्क कोसळलेले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागरण, जेवणात लक्ष नाही. आई बाहेर जाऊन बसली आणि थोड्याच वेळात खरं कारण निघालं. मृण्मयी त्याच्याच क्लासमधली, दोघांचं अकरावीपासून जमतं. नवरात्रात ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते’ असं घरी सांगून ती त्याच्याबरोबर दांडियाला गेली. रात्री दहाच्या पुढे त्याने तिला इंदिरानगरात, घराच्या अलीकडच्या गल्लीत एका डेअरीपाशी सोडलं. तिचे वडील तिथेच उभे होते. त्या रात्रीपासून तिचा फोन काढून घेतला होता. क्लासला आई सोडायची आणि आईच न्यायला यायची.

ओंकारने मोबाइलमध्ये भाषण तयार ठेवलं होतं. “काका, माझे हेतू शुद्ध आहेत. मी तुमच्या मुलीला कधीही दुखावणार नाही. मला एक संधी द्या.” वाचताना त्याचा गळा दाटून आला. पोरगा मनापासून बोलत होता, यात शंका नाही. मी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि म्हटलं, त्या रात्री काकांना काय काय दिसलं, तेवढंच लिही. त्यांना काय वाटलं असेल ते नको, फक्त डोळ्यांना दिसलेलं.

त्याने लिहिलं : रात्रीची वेळ. ॲक्टिव्हा. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. मुलगी घरापासून लांब उतरली. मुलगा त्यांना बघून गाडी वळवून निघून गेला.

शेवटची ओळ लिहिल्यावर तो बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत बसला. मग म्हणाला, “मी घाबरलो होतो, मॅम.” घाबरणारच. पण काकांना त्याची भीती दिसली नाही, पाठ दिसली. त्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं, घर कुठे ते माहीत नव्हतं, आईवडील कोण ते माहीत नव्हतं, आणि उद्या काही झालं तर कुणाला फोन लावायचा, हेही माहीत नव्हतं. अशा माणसाने हेतूंवर भाषण दिलं तर ते कोण ऐकून घेईल? मी तरी घेणार नाही.

काकांकडे जायचं की नाही, हे ठरवण्याआधी मला दुसरंच काही जाणून घ्यायचं होतं. घरी मृण्मयीवर कुणी हात उचलला आहे का? कॉलेज बंद करण्याची, मामाच्या गावी पाठवण्याची, स्थळ बघण्याची भाषा झाली आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असतं, तर मी ओंकारला त्या घराच्या दिशेने पाऊलही टाकू दिलं नसतं. मग विषय विश्वासाचा उरत नाही, मुलीच्या सुरक्षिततेचा होतो; त्यासाठी 1098 हा बालकांच्या मदतीचा नंबर आहे, आणि आधी तिच्याशीच बोलावं लागतं. इथे तसं नव्हतं. रागावणं होतं, अबोला होता, आईचं रडणं होतं. आणि ओंकारने क्लासमध्ये विचारल्यावर ती म्हणाली होती, “ये बोलायला, पण एकटा येऊ नकोस.” तिचा होकार मला महत्त्वाचा वाटला. मुलगा परस्पर हिरोगिरी करायला जातो आणि त्याची शिक्षा मुलगी भोगते, असं मी पाहिलेलं आहे.

कायद्याचं मी पहिल्याच भेटीत सांगते, मुलगा लाजला तरी. 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, अठराच्या आतली व्यक्ती बालक आहे आणि शारीरिक संबंधांना तिने दिलेली संमती कायदा संमती धरत नाही. दोघं सतरा वर्षांची असोत, दोघांच्या मर्जीने असो, गुन्हा नोंदला जाऊ शकतो. शिवाय असा गुन्हा घडल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवण्याचं बंधन माझ्यावरही आहे. म्हणजे ‘इथलं इथेच राहील’ असं मी सरसकट वचन देऊ शकत नाही, आणि हे मुलाला आधीच कळलेलं बरं. ओंकार कानापर्यंत लाल झाला. “मॅम, तसं काही नाही आमचं.” ठीक आहे, म्हटलं, तरी ऐकून ठेव. मुलींचे बाप हे कलम पाठ करून बसलेले नसतात, पण त्यांच्या पोटातली भीती नेमकी तिथलीच असते.

मग गाडीचा विषय निघाला, आणि पुढचं सगळं त्यावरून फिरलं. सोळा ते अठरा या वयात लायसन्स मिळतं ते पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. ओंकारला हे अर्धवट ठाऊक होतं. “पकडलं तर पाचशे-हजार” असा त्याचा हिशोब होता. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. गाडी आईच्या नावावर होती. पोरगा एकदम गप्प झाला. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, त्या बातम्या त्यानेही पाहिल्या होत्या. पण ती श्रीमंतांची पोर्शे. आपली साधी ॲक्टिव्हा त्याच यादीत येते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मृण्मयीच्या वडिलांच्या डोक्यात मात्र ते आलेलं असणार.

पहिलं काम त्याला दिलं ते स्वतःच्या घरातलं. वडील प्रेसमध्ये, पाळीची नोकरी, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आईला निम्मं माहीत होतं, आयांना असतं तेवढं. ज्या मुलाला स्वतःच्या बापापासून गोष्ट लपवावी लागते, त्याने दुसऱ्याच्या बापाकडे विश्वास मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओंकारने दोन आठवडे टाळाटाळ केली, मग एका रविवारी सांगितलं. वडील ओरडले नाहीत. हात पुढे करून एवढंच म्हणाले, “चावी ठेव.” दुसऱ्या दिवसापासून स्वारी नाशिकरोडहून सिटीलिंकच्या बसने क्लासला यायला लागली.

मृण्मयीच्या घरी पहिला फोन केला तो ओंकारच्या आईने. या फोनची आम्ही बरीच उजळणी केली, कारण आपल्याकडे मुलाची आई मुलीच्या आईला फोन करते तेव्हा त्याचा एकच अर्थ घेतला जातो. म्हणून पहिल्यांदा तेच साफ करायचं ठरलं. “ताई, मी सोयरिकीचं बोलायला फोन केलेला नाही. मुलं लहान आहेत. तुमची मुलगी खोटं सांगून आमच्या मुलाबरोबर गेली, त्यात आमच्या मुलाची चूक आहे, आणि ते आम्हाला कळलंय. माझा आणि यांचा नंबर तुमच्याकडे असू द्या. पत्ता पाठवते.” पलीकडून ‘बरं’ एवढंच आलं. पण पाच-सहा दिवसांनी त्याच नंबरवरून उलटा फोन आला : रविवारी सकाळी मुलाला घेऊन या.

भाषणाचं काय करायचं? मी ते पुसायला लावलं. विशेषतः “मी तिची काळजी घेईन” हे वाक्य. मुलांना ते फार आवडतं आणि वडिलांना त्याचाच राग येतो, आणि मला विचाराल तर तो राग बरोबर आहे. सतरा वर्षांचा मुलगा कुणाची कसली काळजी घेणार? त्याचं जेवण अजून आई वाढते. त्यात मुलगी म्हणजे एका पुरुषाने दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची ठेव, असाही एक वास त्याला येतो. बोलायचं ते स्वतःच्या हातात आहे तेवढंच, असं ठरलं.

प्रत्यक्षात तो ठरवलेलं निम्मं विसरला. काकांनी आडनाव विचारलं, वडिलांची नोकरी विचारली, दहावीचे टक्के विचारले. मग म्हणाले, “त्या दिवशी पळून का गेलास?” ओंकार म्हणाला, “घाबरलो. थांबायला हवं होतं. सॉरी काका. गाडीला लायसन्स नव्हतं, आता चालवत नाही.” आणि पुढे काहीच सुचेना, तेव्हा समोरचा चहा पीत बसला. त्याच्या वडिलांनीही मुलाची वकिली केली नाही, हे त्यांचं मोठेपण. निघताना काकांनी निकाल दिला : बारावी होईपर्यंत बाहेर भेटायचं नाही. क्लासमध्ये, कॉलेजात काय बोलायचं ते बोला. फोन रात्री नऊनंतर नाही.

तो माझ्याकडे आला तो तणतणतच. “खरं बोललो त्याचं हे बक्षीस?” मी त्याला विचारलं, गेल्या महिन्यात भेटायची परवानगी होती का? नव्हती. नऊच्या आत फोन चालत होता का? तिच्याकडे फोनच नव्हता. मग मिळालं काय ते मोज. कडक आईबापांनी नियम घालून दिला, तर मला आशा वाटते. ज्यांना काही ऐकूनच घ्यायचं नसतं ते नियम घालत नाहीत, दार लावतात. नियम पाळलेला दिसतो, रोज दिसतो, आणि त्यात भाषण लागत नाही. कंटाळवाणं काम आहे. सतरा वर्षांच्या मुलाला कंटाळवाण्या गोष्टीचं कौतुक पटवणं हे या व्यवसायातलं सगळ्यात अवघड काम असेल.

खरी अडचण आली डिसेंबरात, आणि ती मृण्मयीकडून. क्लास लवकर सुटणार होता. ती म्हणाली, सोमेश्वरला जाऊ, घरी नेहमीच्या वेळेला पोचते, कुणाला कळणार नाही. ओंकार नको म्हणाला. ती भडकली. “तू माझा मित्र आहेस की पप्पांचा वॉचमन?”

तिचा प्रश्न मला एकदम रास्त वाटला. तिच्या घरच्यांचा विश्वास मिळवता मिळवता मुलगा त्यांचा माणूस होऊन बसतो; तिच्यावर लक्ष ठेवायला लागतो, ‘तुझ्या पप्पांना सांगेन’ म्हणायला लागतो. तसा मुलगा मोठ्यांना फार आवडतो, आणि तोच मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. ओंकारशी मी यावर बराच वेळ बोलले. तिच्या घरी चुगली करायची नाही, तिला नियम शिकवायचे नाहीत, तिने काय करावं हेही सांगायचं नाही. फक्त स्वतःपुरतं बोलायचं : खोटं सांगून मी येणार नाही, विचारून येत असशील तर आवडेल. त्याने ते मेसेजवर लिहिलं, तिने दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग तिने आईला विचारलं. आईने ‘अजून दोन मैत्रिणी असतील तर, आणि सहाच्या आत’ असं म्हणून पाठवलं. नवऱ्याला तिने ते आठवड्याने सांगितलं. आयांचे हे हिशोब आपण ढवळू नयेत.

जानेवारीत मृण्मयीची आई मला भेटायला आली. मुलगा वाईट नाही, हे तिने आल्या आल्या सांगून टाकलं, जणू ते माझ्याच डोक्यावर असलेलं ओझं होतं. कडकपणाचा उगम वेगळाच निघाला. तिच्या नणंदेच्या मुलीने घरच्यांना न सांगता लग्न केलं, ते वर्षभरही टिकलं नाही, आणि त्या सगळ्यात त्या मुलीचं शिक्षण सुटलं. मृण्मयीच्या बाबांनी त्या भाचीसाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. घरात त्यावर कुणी बोलत नाही. मृण्मयीला तर ‘ताईचं काहीतरी झालं’ एवढंच माहीत. मी म्हटलं, तिला नीट सांगा. कारण माहीत नसलेला नियम मुलांना नुसता छळ वाटतो.

त्याच भेटीत तिने आवाज खाली आणून दुसरी गोष्ट सांगितली. त्या रविवारी आडनाव ऐकल्यापासून हे अस्वस्थ आहेत. दोघांची जात वेगळी आहे. याला माझ्याकडे उपाय नाही, आणि आहे असं दाखवणं अप्रामाणिकपणाचं होईल. ओंकारलाही मी हेच सांगितलं : वेळ पाळणं, खरं बोलणं, गाडी न चालवणं तुझ्या हातात आहे. जातीवरून उद्या नकार आला, तर तू कुठे कमी पडलास हे शोधत बसू नकोस, त्याचा तुझ्या वागण्याशी संबंध नसेल. तो विषय त्या घरात अजून कुणी मोठ्याने काढलेला नाही.

बारावीची परीक्षा झाली, सीईटी झाली. ओंकारला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, मृण्मयी नाशिकमध्येच फार्मसीला. बाहेर भेटण्याची परवानगी अजून चारचौघांतलीच आहे, त्यावर दोघंही कुरकुरतात. जूनमध्ये ओंकारला अठरा पूर्ण झाली, त्याने शिकाऊ लायसन्स काढलं आणि मोठ्या अभिमानाने काकांना दाखवायला नेलं. काकांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, “शिकाऊ आहे. मागे कुणाला बसवायचं नसतं यावर.” बरोबरच आहे. पुढच्या महिन्यात मृण्मयीला अठरा पूर्ण झाली, तेव्हा तेच तिला लायसन्स काढायला घेऊन गेले. हल्ली रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना ते तिला स्कूटर शिकवतात. ती म्हणते, पप्पा ब्रेकवरून फार ओरडतात.