समासातली पेन्सिलीची ओळ

(कराडजवळच्या एका वडिलांचं पत्र. मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, फिजिक्स-मॅथ्स. तिला एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचंय. वडील लिहितात: 'पोरीच्या तोंडून एक आकडा चुकला तर दोन विमानं आदळतील आणि शेकडो लोकांचं पाप आमच्या घरावर येईल. आम्ही बीएड ठरवलंय. तुम्ही तिला समजवा.')

पत्र पोस्टात टाकायला तुम्ही लेकीकडेच दिलंत ना? कारण तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: 'टीकॅसने वर जा सांगितलं आणि कंट्रोलरने खाली, तर पायलटने टीकॅसचं ऐकायचं असतं. बाबांना सांगा ना.' (टीकॅस म्हणजे टक्कर टाळण्यासाठी विमानात बसवलेलं यंत्र.)

चार पानं लिहिलीत तुम्ही. आई रडते, पाहुणे विचारतात, आम्ही ठरवलंय. ती काय म्हणते, हे कुठेच नाही. ते तिला समासात लिहावं लागलं. वर, हरियाणातल्या चरखी दादरीला दोन विमानं आदळली, त्या अपघाताचं कात्रण तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवल्याचंही तुम्ही सांगता. ज्या मुलीने अजून फॉर्मसुद्धा भरलेला नाही, तिच्या डोक्यावर तुम्ही 349 माणसं ठेवलीत. ते कात्रण आज काढा. मार्कांची मला काळजी नाही, या कात्रणाची आहे.

आणि काढण्याआधी नीट वाचा. 12 नोव्हेंबर 1996. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान 14,000 फुटांवर होतं. समोरून उतरणाऱ्या कझाक विमानाने 15,000 वर थांबायचं होतं, ते त्याखाली आलं. कंट्रोलरने आकडे बरोबरच सांगितले होते, समोर विमान आहे हेही सांगितलं होतं. पण जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना वाट एकच, आणि रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते नाही. त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं, आणि विमानात टीकॅस सक्तीचं झालं. हे यंत्र समोरच्या विमानातल्या यंत्राशी परस्पर बोलतं आणि एकाला वर, दुसऱ्याला खाली जायला सांगतं. लेकीची ओळ आली आहे 2002च्या जर्मनीतल्या उबरलिंगेनच्या टकरीतून. तिथे यंत्र वर जा म्हणत होतं, कंट्रोलर खाली. रशियन वैमानिकाने कंट्रोलरचं ऐकलं, 71 जण गेले. पण तो कंट्रोलर रात्री एकटा दोन स्क्रीन सांभाळत होता, दुरुस्तीसाठी धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बंद होती, फोनही नीट चालत नव्हते. एवढं सगळं एकाच रात्री जुळून यावं लागलं. 'एक आकडा चुकला की टक्कर' हा तुमचा समज इथेच मोडतो. माणूस चुकणार, हे धरूनच ती व्यवस्था बांधलेली आहे. चूक होतच नाही, असं मी म्हणत नाही. जानेवारी 2025मध्ये वॉशिंग्टनला प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून 67 जण गेले. पण तुमची लेक रोज स्कुटीवरून महामार्गाने कॉलेजला जाते, त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही!

वाट सरळ आहे: फिजिक्स-मॅथ्ससह बीएस्सी, एअरपोर्ट्स अथॉरिटीची ज्युनियर एक्झिक्युटिव्हची परीक्षा, व्हॉइस टेस्ट, मेडिकल. खुल्या गटाला वयाची अट 27.

घाबरायचंच असेल तर खऱ्या गोष्टींना घाबरा. रात्रपाळी नोकरीभर आलटून-पालटून येणार. पोस्टिंग देशात कुठेही, गुवाहाटीलासुद्धा. मेडिकलमध्ये नजर, रंगांची ओळख आणि ऐकणं तपासतात, तेव्हा क्लासची फी भरण्याआधी डोळ्यांच्या आणि कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. इंग्रजी फाडफाड नको, स्पष्ट हवं, आणि समोरच्याने सूचना परत म्हटली की त्यातली चूक कानाने पकडता यायला हवी. हे तिला जमेल का, ते मला तुमच्या पत्रावरून कळत नाही. बीएड वाईट नाही, पण नाइलाजाने शिक्षक झालेली माणसं वर्गात काय करतात, ते आपण दोघांनीही शाळेत पाहिलंय.

तिला समजवायचं काम मी घेत नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. पेनाने, आणि पोस्टात टाकण्याआधी तुम्ही न वाचता.